सरकार पाठ करून बसले आहेत

सरकार,

ताई म्हणायचं नाही असं तूच बजावलं होतंस. "ताई म्हणशील तं माह्यं भेव कसं वाटीन वं तुले?" म्हणून गेल्यावरही तुला ताई म्हणत नाही. कैलासवासी वगैरेही लिहिणार नाही. तू कैलासात कशी रमशील? तिथं सगळे भलेच असणार. दोन दिवसांत कंटाळून कुणाच्या तरी दाण्यापाण्यावर बंदी घालशील.

त्या दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. फोन वाजला आणि पडद्यावर "सरकार" असं नाव आलं. तू फोन फार कमी करायचीस, आपलं सगळं लिहून चालायचं. मी हसतच उचलला आणि म्हणाले, "बोला सरकार, काय हुकूम?" पलीकडे भाऊजी होते, तुझे मालक. "ताई, मी बोलून राह्यलो. ती गेली." खरं सांगू, मला वाटलं ही तुझी नवी चाल आहे. आपण दोघी लिहायचो त्या गोष्टीत तू एकदा तुझं पात्र, सरकार, मेल्याची आवई उठवली होतीस, गढीवर रडारड लावली होतीस, आणि माझं पात्र, गोदा, बेसावध होऊन आत शिरली तेव्हा सरकार पाटावर बसून सुपारी कातरत होते. मी तुला आठवडाभर शिव्या घातल्या होत्या. म्हणून मी भाऊजींना दरडावून म्हणाले, "खरं सांगा." ते म्हणाले, "खरंच ताई." मग मागून बायकांचं रडणं ऐकू आलं, आणि त्यात तुझा आवाज नव्हता.

गोष्टीचे नियम तीन होते. मीच लिहिले होते आणि तू तिन्हींना "हाव" म्हटलं होतंस. घाण लिहायचं नाही. दुसऱ्याच्या पात्राला हात लावायचा नाही. आणि मध्येच सोडून जायचं नाही. तिसरा तू मोडलास, सरकार. बाकीचे दोन पाळून मी आता काय करू?

परवा माझ्या जाऊबाईंनी विचारलं, की देऊळघाटच्या बाईशी तुझं नातं काय गं? मी सांगायला गेले आणि माझीच दमछाक झाली. म्हटलं, आम्ही दोघी मिळून फोनवर एक गोष्ट लिहायचो. एक पात्र माझं, एक तिचं. माझं पात्र काय करतं, काय बोलतं ते मी लिहायचं, मग पाळी तिची. पुढे काय होणार ते दोघींनाही माहीत नसतं. जाऊबाई म्हणाल्या, "म्हंजे भातुकलीच की." असेल. पण भातुकलीत कुणी मेलं तर डोळे असे सुजत नाहीत.

सुरुवात तुला आठवते का? कथा लिहिणाऱ्यांच्या त्या ग्रुपवर मी जाहिरात टाकली होती: खलनायक पाहिजे. सगळ्यांना नायक व्हायचं असतं, नायिका व्हायचं असतं, निदान नायिकेची मैत्रीण तरी. वाईट माणूस व्हायला कुणी तयार नाही. माझी गोदा तयार होती. सरकारांच्या माणसांनी तिच्या भावाला विहिरीत ढकललेलं, आणि ती सूड घ्यायला त्यांच्याच गढीवर भाकरी थापायला राहिलेली. पण सरकारच नव्हते. त्यांच्याशिवाय ती बिचारी नुसतीच भाकरी थापत बसली असती.

आले तसे बरेच जण. एक जण दर वाक्यानंतर "हा हा हा" लिहायचा. दुसऱ्याचा खलनायक लहानपणी फार सोसलेला होता, तो तिसऱ्याच निरोपात गोदाच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागला. एकाला तिच्याशी लग्न करायचं होतं. एकाने जे लिहिलं ते मी पुसून टाकलं आणि त्यालाही घालवलं. मी जाहिरात काढून टाकणारच होते, तेवढ्यात तुझी एक ओळ आली. "मी करून पाहू काय?" नाव नाही, फोटोच्या जागी वांग्याचं झाड.

मी लिहिलं, गोदा पहिल्यांदा गढीचा उंबरा ओलांडते, छाती धडधडते आहे, पदराखाली विळा आहे. आता समोरून चाबूक येणार किंवा हा हा हा येणार अशी मी वाट बघत होते. तू लिहिलंस:

"सरकारांनी मान वर केली. तिला नीट पाहिलं. म्हणाले, 'लांबून आलीस. जेवलीस का, पोरी?'"

दुकानात भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. त्या एका वाक्यात सरकारांना सगळं माहीत होतं, विळासुद्धा. मी काउंटरवरून उठून पाणी प्यायले आणि तुला लिहिलं, "ठरलं. तुम्हीच सरकार."

पुढे कधीतरी मी विचारलं की तुम्हाला खलनायकच काऊन व्हायचं होतं? तोवर तू बाई आहेस हे कळलं होतं, भाजीपाल्याचा मळा आहे, दोन पोरी नांदायला गेल्यात हेही. तू लिहिलंस, "सारं गाव मले चांगली बाई म्हणते. चांगली बाई, चांगली बाई ऐकू ऐकू कान किटले. दिवसातून एक घंटा तरी मले वाईट राहू दे." मी खूप हसले होते. तू हसण्यावारी लिहिलं नव्हतंस, हे कळायला मला वेळ लागला.

वाईट मात्र तू काय सुरेख होतीस! सरकार कधी ओरडले नाहीत. कुणाच्या अंगाला बोट लावलं नाही. सकाळी पारव्यांना ज्वारी टाकायचे, पोरांना रेवड्या वाटायचे आणि त्याच हाताने विहिरीला कुलूप घालायचे. बोलणं एकदम बुकातलं, शुद्ध. आणि तो भयंकर निरोप पाठवून झाला की लगेच खाली तुझं स्वतःचं यायचं, "जेवली काय वं? मी आता सांभार काढाले चालली." कोथिंबिरीला सांभार म्हणणारी बाई एवढं थंड विष कुठून आणते, याचा मला अचंबा वाटायचा.

आपलं पहिलं भांडण तव्यावरून झालं. मी तावातावात लिहून गेले की गोदाने तापलेला तवा फेकला आणि सरकारांचं कपाळ फुटलं. तू लिहून उत्तर दिलं नाहीस, थेट फोन केलास. मी तुझा आवाज ऐकला तो पहिल्यांदा, आणि तोही संतापलेला. "माह्यं कपाळ तू कशी फोडली वं?"

"अहो, तवा तापलेला होता."

"तापू दे नाई तं काई होऊ दे. तवा तू फेक, शंभरदा फेक. फुटलं का नाई ते मी सांगीन. कपाळ माह्यं हाये."

मी माघार घेतली. नियम माझाच होता. घाव माझा, पण तो लागला की नाही ते तू सांगायचं. तू सांगितलंस की सरकार वाकले, तवा मागच्या भिंतीवर आपटला, आणि ते म्हणाले, "भाकरी करपली असेल, पोरी. दुसरी टाक." मला इतका राग आला होता! आणि दुसऱ्या दिवसाची वाटही तेवढीच बघितली होती.

मग आमच्या ह्यांचा तो पराक्रम. त्यांनी एकदा माझा फोन चार्जिंगला लावायला घेतला आणि पडद्यावर वाचलं, "सरकार: उद्या ऊन चढायच्या आत तुझ्या माणसांचं नावनिशाण उरणार नाही. जेवून घे." माणूस पांढराफटक पडला. मी परोपरीने सांगितलं की ती गोष्ट आहे, लिहिणारी एक बाई आहे, मळा करते. "बाई असं लिहीन? मले येडा समजते काय तू?" त्यांनी माझ्यासमोर तुझा नंबर लावला. उचलला भाऊजींनी. हे गुरकावले, "कोठी राह्यता तुमी?" भाऊजींना वाटलं भाजीचा व्यापारी आहे. त्यांनी मोठ्या आनंदाने देऊळघाटचा सगळा पत्ता सांगितला, वर म्हणाले, "या ना, या. माल ताजा हाये."

हे ऐकून तर ह्यांचं डोकंच फिरलं. माल म्हणे! चुलत दिराला सोबत घेतलं, मला गाडीत घातलं, आणि डोणगावहून मेहकर, चिखली करत आम्ही निघालो. ह्यांच्या पायाशी ट्रॅक्टरचा पाना होता. वाटभर मी हसत होते आणि सारखी खिडकीतून बघत होते, की आता तू दिसणार.

तू बांधावर बसली होतीस. पुढ्यात कोथिंबिरीचा ढीग, हातात सुतळी, तोंडात सुतळीचं टोक. केसांना चपचपीत तेल. हे पाना घेऊन गाडीतून उतरले आणि गरजले, "सरकार कोण हाये इथं?" भाऊजी गोंधळून इकडेतिकडे बघायला लागले. तू तोंडातली सुतळी काढलीस, हात लुगड्याला पुसलेस, उभी राहिलीस. पाच फूटसुद्धा नव्हतीस.

"मी हावो," म्हणालीस. आणि ह्यांच्याकडे बघून अगदी सरकारांच्या आवाजात, सावकाश विचारलंस, "लांबून आलात. जेवलात का?"

ह्यांच्या हातातला पाना खाली पडला, हे मी आजही शपथेवर सांगेन. मग तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. त्या दिवशी तू आम्हाला भाकरी, वांग्याचं भरीत आणि कच्चा कांदा वाढलास, आणि निघताना गाडीत भाजीच्या पिशव्या कोंबल्यास. परतताना मेहकर आल्यावर हे म्हणाले, "तुया सरकारच्या हाताले चव हाये वं." त्यानंतर ते रोज विचारायचे, आज काय केलं सरकारनं?

त्याच दिवशी तू मला मेथीच्या वाफ्यात घेऊन गेलीस. सरकार कुठून आले, हे मी विचारलं नव्हतं. तूच सांगितलंस. "आमचे मामाजी असेच बोलत," म्हणालीस, तुझे सासरे. शिकलेला माणूस, पंचक्रोशीत मान. कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. तू लग्न होऊन आलीस तेव्हा तुझी अकरावी-बारावीची पुस्तकं त्यांनी बंबात घातली, एकेक करून, तुला समोर बसवून. आणि मग विचारलं, जेवलीस का, पोरी? तुझी आई वारली तेव्हा कांद्याची काढणी होती म्हणून जाऊ दिलं नाही, आणि संध्याकाळी विचारलं, जेवलीस का? तू दरवेळी "हो मामाजी" म्हणालीस. म्हातारे झाले, झोपेत गेले, गाव रडलं. "मी बी रडली," तू म्हणालीस. "लोकायनं पाह्यलं. म्हणे चांगली सून हाये."

मेथीची पानं खुडता खुडता तू हे सांगितलंस आणि मीही शेजारी बसून खुडायला लागले. तू म्हणालीस, "मी त्याले कधी उलटून बोलली नाई. तुही गोदा बोलते. मले लय बरं वाटते."

तरीसुद्धा मी तुझ्याशी भांडत राहिले. मी म्हणायचे, सरकारांना एकदा तरी पश्चात्ताप होऊ दे. वाचणाऱ्याला बरं वाटतं. तू म्हणायचीस, "वाचून कोण राह्यलं? आपुन दोघीच." मी म्हणायचे, माणूस बदलतो. तू म्हणायचीस, "असे माणसं बदलत नाईत, मीना. थकतेत फक्त." मग पाळी आली की सरकारांकडून तू काहीतरी असं करून घ्यायचीस की माझी बोलती बंद. हा वाद आपला मिटला नाही. आता माझ्या बाजूने मी कितीही मुद्दे काढले तरी समोरून कुणी तोडत नाही, आणि न तोडलेला मुद्दा जिंकल्यासारखा वाटत नाही.

या पावसाळ्यात सरकार बदलले. पायऱ्या चढताना मध्येच बसायला लागले. पारव्यांना ज्वारी टाकायला दुसऱ्याला सांगायचे. वाक्यं आखूड झाली. मी तुला काय लिहिलं होतं माहीत आहे ना? "वा! काय बारकाईने थकवलंयस त्यांना. तूच म्हणाली होतीस ना, थकतात फक्त." तू अंगठा पाठवलास, नुसता अंगठा. पोटात गाठ आहे हे तुला तोवर समजलं होतं. संभाजीनगरच्या दवाखान्याच्या वाऱ्या चालू होत्या. मला म्हणायचीस, पोरीकडे गेली होती. मी तुझ्या लिहिण्याचं कौतुक करत होते आणि तू मला जे होतंय ते सांगत होतीस, तुला जमत होतं त्या एकाच तऱ्हेनं.

मग तू मागे लागलीस, मार आता त्याला. "तुले परवानगी देली मी. घाल घाव." मी नाही म्हणाले. कारण सांगू? गोदाचा सूड एवढ्यात नको, कथेची गरज, हे सगळं मी तुला ऐकवलं ते थोतांड होतं. सरकार मेले की गोष्ट संपणार होती. रोज दुपारी तीनच्या सुमारास जे येतं ते येणार नव्हतं. डोणगावात माझ्याशी बोलणारी माणसं खूप आहेत, बियाणं कोणतं चांगलं, फवारणी कधी करू, उधारी लिहून ठेवा. माझ्या आत काय चाललंय त्याला उत्तर देणारं माणूस एकच होतं, आणि ते माझ्या जिवावर उठलेलं होतं. मला ते तसंच हवं होतं.

म्हणून मी गोदाला भाकऱ्या थापायला लावल्या. गोदा आजारी पडली, गोदाला भावाचं स्वप्न पडलं, गोदा विळा विसरून आली. तुला सगळं कळत होतं. "तुही गोदा लय कामचुकार झाली वं," तू लिहिलंस. आणि मग तुझा तो शेवटचा निरोप आला:

"सरकार ओसरीवर येऊन बसले. गोदाकडे पाठ करून बसले. गढीत दुसरं कुणी नव्हतं. विळा तिच्या हाताशी होता हे त्यांना माहीत होतं. न वळता ते म्हणाले, 'जेवलीस का, पोरी?'"

मी चिडले. ही जबरदस्ती आहे, असं तुला लिहिलं. पाळी माझी आहे, मी हवा तेवढा वेळ घेईन. तू पुढे काहीच लिहिलं नाहीस. मला वाटलं, रुसली. मीही रुसून बसले. त्यानंतर आला तो भाऊजींचा फोन.

अंत्यविधीला मला पोचता आलं नाही. तेरवीला गेलो आम्ही दोघं. ह्यांनी तुझ्या फोटोसमोर उभं राहून हात जोडले आणि डोळे पुसले. फोटोतही तू भलीच दिसत होतीस. पंगतीत माझ्या दोन्ही बाजूंच्या बायका एकच बोलत होत्या. "लय चांगली बाई होती."

"हाव ना माय. कोणाले कधी उलटून बोलली नाई."

"असी बाई पाह्याले भेटत नाई आता."

मला ओरडून सांगायचं होतं, की तुम्हाला काही माहीत नाही. ती दुष्ट होती. तिने विहिरीला कुलूप घातलं होतं, माझ्या गोदाला भुशाच्या खोलीत उपाशी कोंडलं होतं, आणि दुपारची वीज गेली तरी तिचं विष वेळेवर यायचं. तिच्यासारखी वाईट बाई उभ्या जिल्ह्यात झाली नाही. पण पंगतीत असं बोलतात का? मी बुंदीचा लाडू पानात तसाच ठेवून उठले.

मधल्या काळात ग्रुपवर कुणीतरी तुझी बातमी टाकली होती. बऱ्याच जणांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. एकाने मला वेगळं लिहिलं, वाईट वाटलं, तुमची गोष्ट अर्धवट राहायला नको, हवं तर मी सरकार होतो. मुलगा चांगला असेल. नमुना म्हणून त्याने दोन ओळीही पाठवल्या होत्या, व्याकरण, विरामचिन्हं सगळं जागच्या जागी. त्याचे सरकार म्हणत होते, "ये, तुझीच वाट पाहत होतो." मी त्याला उत्तर दिलं नाही. तुझ्या सरकारांनी कधी कुणाची वाट पाहिली नव्हती.

आणि मी मनाशी एक ठरवून टाकलं होतं. त्यात मला थोडा आधारही होता. आता ही गोष्ट पुरी होऊच शकत नाही. मी घाव घातला तरी तो लागला की नाही ते सांगायला कुणी नाही. कपाळ तुझं, पाठ तुझी, आणि तू नाहीस. नियम म्हणजे नियम. तेव्हा गोदा विळ्यापाशी उभी राहील आणि सरकार पाठ करून बसतील, कायमचे, आणि यात माझा काही इलाज नाही. असं म्हणून मी रडले की जरा हलकं वाटायचं.

तेरवीची जेवणं उरकल्यावर भाऊजी मला मळ्यात घेऊन गेले. मेथी वाफ्यातच राठ होऊन गेली होती, कुणी काढलीच नव्हती. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "ताई, तिनं तुमाले एक निरोप देला. मले त्यातलं काई समजलं नाई, पण देतो म्हणलं."

"काय?"

"दवाखान्यात, बोलनं बंद व्हायच्या आंधी. म्हणे, मीना कामचुकार हाये, ती वेळ लावीन. तिले सांगजा, लागला."

"काय लागला?"

"मी बी तेच इचारलं. काय लागला वं, म्हणलं. तं हासली. म्हणे, तिले समजते. मले म्हणे, इसरू नोका. एवढाच शब्द. लागला."

मी तिथंच वाफ्याच्या कडेला बसले. भाऊजी घाबरले, पाणी आणायला धावले. माझी एकच पळवाट होती आणि तू जाण्याआधी तीही बुजवून गेलीस. असं कुणी करतं का, सरकार? घाव पडायच्या आधी उत्तर देऊन ठेवणं कोणत्या नियमात बसतं? भांडायला ये. फोन कर. म्हण, पाठ माझी आहे, मी काहीही सांगेन.

आता पाळी माझीच आहे, आणि मला ती नको आहे. मी घाव घातला की तुझं उत्तर खर्ची पडणार. ते तुझं माझ्यासाठी उरलेलं शेवटचं बोलणं आहे, त्याच्यामागे काही नाही. "आता सांभार काढाले चालली" नाही, अंगठा नाही. ते न वापरता तसंच ठेवावं असं मला फार वाटतं. हे सगळं लिहायला मी बसले तेही बहुतेक तेवढ्यासाठीच. जेवढं लिहीन तेवढा वेळ सरकार ओसरीवर बसून राहतील.

पण ते तुझे मामाजी होते. तू जन्मभर "हो" म्हणालीस आणि एकाच माणसाला सांगून ठेवलंस की माझ्या वतीने नाही म्हण. आणि मी त्यांना जपत बसले आहे. त्यांच्या तोंडून तुझा आवाज येतो म्हणून.

दुपारचे तीन वाजत आलेत. दुकानात कुणी नाही. घे.

गोदाने सरकारांना उत्तर दिलं नाही. विळा उचलला. त्या पाठीकडे एकदा नीट पाहिलं आणि घाव घातला.

लागला.

गढीत आता कुणी नाही, सरकार. चूल विझली आहे, पारवे उडून गेलेत. मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही, आणि कुणी विचारत नाहीये.